मेमरीतल्या मेमरीत बेस६४: सी आणि ओपनएसएसएल वापरून डेटाचा मजकूर कसा करायचा

डिजिटल सही, एन्क्रिप्शनची की, हॅश, एखादी छोटी इमेज असा बायनरी डेटा जेसनमध्ये, एचटीटीपी हेडरमध्ये किंवा कॉन्फिग फाइलमध्ये घालायचा असेल, तर तो आहे तसा चालत नाही. सी-मध्ये शून्य किमतीचा बाइट आला की स्ट्रिंग तिथेच संपते. जेसन वाचणारा प्रोग्राम चुकीच्या यूटीएफ-८ क्रमावर अडतो, आणि मध्येच न्यू-लाइन आली की हेडर तुटते. म्हणून आधी त्या बाइटांचा साध्या छापील अक्षरांत मजकूर करून घेतात, आणि त्यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे बेस६४.

त्यासाठी तात्पुरती फाइल लिहायची किंवा बाहेरची कमांड चालवायची गरज नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या संचातल्या क्रिप्टो लायब्ररीत दोन सोयी आहेत: एका फटक्यात काम करणारे फंक्शन आणि बायोंची साखळी (बायो म्हणजे डेटा वाचण्या-लिहिण्यासाठीची ओपनएसएसएलची वस्तू). दोन्ही इथे पायरीपायरीने दिल्या आहेत. नवशिक्यांच्या बहुतेक चुका एन्कोडिंगच्या नसून लांबीच्या असतात, म्हणून पुढे जागोजागी लांबीचा हिशेब येईल.

नावांबद्दल एक सूचना. फंक्शनची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ईव्हीपी आणि बायो हे उपसर्ग कोडमध्ये पूर्ण कॅपिटल असतात. ईव्हीपीच्या फंक्शनांत पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल असते, तर बायोच्या फंक्शनांत पुढचे सगळे स्मॉल असते. अंडरस्कोर जिथे दाखवला आहे तिथेच द्यायचा.

आतले गणित

बेस६४ तीन बाइट घेते, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडते आणि प्रत्येक गटासाठी ६४ अक्षरांच्या तक्त्यातले एक अक्षर लिहिते. तक्त्यात ० ते २५ साठी कॅपिटल ए ते झेड, २६ ते ५१ साठी स्मॉल ए ते झेड, ५२ ते ६१ साठी अंक, ६२ साठी अधिक चिन्ह आणि ६३ साठी तिरकी रेघ आहे. हा तक्ता २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात दिलेला आहे.

उदाहरणाला ‘म’ हे अक्षर घेऊ. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात, हेक्समध्ये ई०, ए४, एई. बिट मांडले की असे दिसतात:

१११००००० १०१००१०० १०१०१११०

सहा-सहाचे गट पाडले की:

१११००० ००१०१० ०१००१० १०१११०

म्हणजे ५६, १०, १८ आणि ४६. तक्त्यात पाहिले तर अंक चार, कॅपिटल के, कॅपिटल एस, स्मॉल यू. देवनागरी मजकुराच्या बेस६४ मध्ये ‘चार-के-एस’ आणि ‘चार-के-डब्ल्यू’ ही त्रिकुटे सारखी का दिसतात त्याचे उत्तर इथेच आहे. देवनागरीची सगळी अक्षरे ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने सुरू होतात, आणि प्रत्येक अक्षर बरोबर तीन बाइटांचे असल्याने गट सरकत नाहीत. मध्ये एक साधी स्पेस आली की मात्र पुढचा सगळा नमुना बदलतो.

शेवटी तीनपेक्षा कमी बाइट उरले तर जागा भरायला बरोबर चिन्ह (=) येते: एक बाइट उरला तर दोन चिन्हे, दोन उरले तर एक. त्यामुळे बाहेर पडणारी लांबी नेहमी चारच्या पटीत असते. सूत्र पाठच असू द्या:

मजकुराची लांबी = ४ × ((न + २) / ३)

इथे ‘न’ म्हणजे मूळ बाइटांची संख्या आणि भागाकार पूर्णांकांचा, बाकी सोडून दिलेला. १६ बाइटांची की २४ अक्षरांची होते, ३२ बाइटांचा एसएचए-२५६ हॅश ४४ अक्षरांचा. १०,४८,५७६ बाइट, म्हणजे एक मेगाबाइट, १३,९८,१०४ अक्षरे होतो. साधारण एक तृतीयांश वाढ धरायची.

आणखी एक गोष्ट, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे: बेस६४ मुळे काहीही गुप्त होत नाही. तक्ता सगळ्या जगाला माहीत आहे. पासवर्ड बेस६४ करून फाइलमध्ये ठेवणे म्हणजे तो उघडाच ठेवणे.

तयारी

डेबियन आणि उबंटूवर लिबएसएसएल-डेव्ह हे पॅकेज लागते, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हल. कोडमध्ये ओपनएसएसएल फोल्डरातली ईव्हीपी ही हेडर फाइल घ्या. बायोची पद्धत वापरणार असाल तर बायो आणि बफर या दोन हेडरही घ्या. लिंक करताना ‘क्रिप्टो’ ही एकच लायब्ररी पुरते, एसएसएलची लायब्ररी जोडावी लागत नाही.

कंपाइलरच्या ओळीत लायब्ररीचा पर्याय सोर्स फाइलच्या नंतर लिहा. आधी लिहिला तर कित्येक लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी तक्रार येते आणि माणूस लायब्ररी बसलीच नाही असे समजून पॅकेज पुन्हा पुन्हा टाकत बसतो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. ज्या क्षणी तो लायब्ररी पाहतो त्या क्षणी तिच्यातले काही कुणी मागितलेले नसेल, तर तो तिला सोडून पुढे जातो.

पहिली पद्धत: एका फटक्यात

सगळा डेटा हाताशी असेल आणि एका ओळीत मजकूर हवा असेल, तर ईव्हीपी_एन्कोडब्लॉक पुरेसे आहे. दहापैकी नऊ वेळा हेच वापरा. त्याला तीन गोष्टी द्यायच्या असतात, याच क्रमाने: जिथे लिहायचे तो बफर, मूळ डेटा आणि मूळ डेटाची लांबी. पॉइंटर दोन्ही अनसाइन्ड कॅरचे. साधा कॅर पॉइंटर दिला तर कंपाइलर चिन्हाबद्दल कुरकुर करेल, तिथे कास्ट करा.

१. मूळ डेटाची लांबी ‘न’ पक्की करा. ती डेटा जिथून आला तिथूनच मिळाली पाहिजे: वाचणाऱ्या फंक्शनने परत दिलेली संख्या, हॅश फंक्शनने भरलेला आकडा वगैरे. बायनरी डेटावर स्ट्रलेन कधीही चालवू नका. पहिल्याच शून्य बाइटवर ते थांबेल, किंवा शून्य सापडेपर्यंत बफरच्या बाहेर वाचत जाईल. फंक्शनला पॉइंटर म्हणून आलेल्या ॲरेवर साइझऑफ लावणे हीही तशीच चूक. ६४-बिट मशीनवर डेटा केवढाही असो, उत्तर ८ येते.

२. बफर घ्या: वरच्या सूत्राची लांबी, अधिक १. हा एक बाइट शेवटच्या नलसाठी, म्हणजे स्ट्रिंग संपवणाऱ्या शून्य बाइटसाठी. फंक्शन तो स्वतःच लिहिते, तुम्ही जागा ठेवली असो वा नसो. १६ बाइटांसाठी २५ लागतात, २४ नाही.

३. मॅलॉकचे उत्तर नल पॉइंटर तर नाही ना ते पाहा, मग फंक्शन बोलवा.

४. परत आलेली संख्या म्हणजे मजकुराची लांबी. तिच्यात शेवटचा नल धरलेला नसतो. सूत्रातल्या लांबीशी ती जुळलीच पाहिजे. सुरुवातीला इथे एक असर्ट घालून ठेवा.

लांबीचा प्रकार इंट आहे, हेही ध्यानात असू द्या. ३२-बिट इंटमध्ये उत्तर मावायचे तर मूळ डेटा १,६१,०६,१२,७३३ बाइटांच्या आत हवा. तुमच्याकडे लांबी साइझ-टी मध्ये असेल तर आधी मर्यादा तपासा आणि मगच इंटमध्ये बदला. बफरचा हिशेबही साइझ-टी मध्येच करा, नाहीतर चारने गुणताना आकडा उलटून ऋण होईल.

दुसऱ्या पायरीतला तो ‘अधिक १’ विसरलात तर प्रोग्राम बहुतेकदा तरीही नीट चालेल, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मॅलॉक मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा देते, त्या फटीत नल मावून जातो. एखाद्या दिवशी लांबी अशी येते की फट उरत नाही आणि शेजारची जागा बिघडते. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपाइलरचा पर्याय) लावून पाहिले तरी हे पकडले जाईलच असे नाही, कारण तो तुमच्या कोडवर पहारा ठेवतो आणि लिहिणारे हात क्रिप्टो लायब्ररीचे असतात, जी सॅनिटायझरशिवाय बांधलेली असते. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामखाली चालवा. तिथे ‘एक बाइटाचे अवैध लेखन’ लगेच दिसते.

दुसरी पद्धत: बायोंची साखळी

डेटा तुकड्यातुकड्यांनी येत असेल, एकूण किती येणार ते आधी ठाऊक नसेल, किंवा ६४ अक्षरांच्या ओळी पाडून हव्या असतील (की आणि सर्टिफिकेट मजकुरात ठेवणाऱ्या पेम फाइलमध्ये असतात तशा), तर बायो बरे. इथे बफर मोजायचा त्रास नाही, मेमरी-बायो आपोआप वाढतो. बदल्यात मालकी कुणाची आणि फ्लश (मध्ये अडकलेला डेटा पुढे ढकलणे) कधी, हे सांभाळावे लागते.

साखळीत दोन कड्या असतात. बेस६४ ची कडी फिल्टर आहे, ती डेटा बदलून पुढे ढकलते. मेमरीची कडी शेवटचे टोक आहे, तिथे मजकूर साठतो.

१. बायो_न्यू ला बायो_एफ_बेस६४ देऊन फिल्टर बनवा, आणि बायो_न्यू ला बायो_एस_मेम देऊन मेमरी-बायो बनवा. दोन्ही तपासा.

२. एका ओळीतला मजकूर हवा असेल तर फिल्टरवर बायो_सेट_फ्लॅग्ज ने ‘बेस६४, नो न्यू-लाइन’ हा फ्लॅग (कोडमध्ये बायो_फ्लॅग्ज_बेस६४_नो_एनएल, सगळे कॅपिटल) लावा. न लावल्यास दर ६४ अक्षरांनंतर न्यू-लाइन येते आणि शेवटीही एक येते. एक मेगाबाइटच्या मजकुरात अशा २१,८४६ न्यू-लाइन होतात. पेम किंवा ई-मेलला त्या चालतात. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये एकही चालत नाही.

३. बायो_पुश मध्ये आधी फिल्टर, मग मेमरी-बायो. क्रम उलटा झाला आणि मेमरी-बायोवर लिहिले तर डेटा कच्चाच साठतो, फिल्टरपर्यंत पोचतच नाही. ‘एन्कोडिंग झालेच नाही’ असे दिसले की आधी ही ओळ पाहा.

४. बायो_राइट ने फिल्टरवर लिहा. कितीही वेळा, कितीही लहानमोठे तुकडे चालतील. तीनच्या पटीत तुकडे पाडायची गरज नाही, उरलेले बाइट फिल्टर सांभाळून ठेवतो. दर वेळी परत आलेली संख्या तुम्ही दिलेल्या लांबीइतकी आहे का ते पाहा.

५. बायो_फ्लश. एकदाच, सगळे लिहून झाल्यावर, फिल्टरवर.

६. बायो_गेट_मेम_डेटा ला मेमरी-बायो आणि एका कॅर पॉइंटरचा पत्ता द्या. लांबी परत मिळते आणि पॉइंटर मजकुराकडे वळतो.

७. स्वतःचा बफर घ्या, लांबी अधिक १. मेमसीपीवाय ने नक्कल करा आणि शेवटी नल स्वतः लिहा.

८. बायो_फ्री_ऑल ला फिल्टर द्या. ते साखळीतल्या पुढच्या सगळ्या कड्या सोडवते. मेमरी-बायो दिला तर फिल्टर मागे राहतो आणि मेमरी गळते.

फ्लशबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण ते विसरल्याची लक्षणे फसवी असतात. न्यू-लाइन चालू असताना फिल्टर एका वेळी ४८ बाइट गोळा करून ६४ अक्षरांची ओळ सोडतो. मूळ डेटा ४७ बाइट किंवा कमी असेल आणि फ्लश केला नसेल, तर हाती रिकामा मजकूर येतो, तेव्हा चूक कळते तरी. न्यू-लाइन बंद असताना मात्र फक्त शेवटचे एक-दोन बाइट अडकून राहतात. मजकूर जवळजवळ पूर्ण दिसतो, आणि लांबी तीनच्या पटीत असलेल्या डेटावर तर काहीच बिघडत नाही. चाचणीला कायम १६ किंवा ३२ बाइट घ्या, २४ किंवा ४८ नको.

नक्कल का करायची? सहाव्या पायरीत मिळालेला पॉइंटर बायोच्या मालकीचा आहे. बायो_फ्री_ऑल नंतर तो मेलेला. शिवाय मेमरी-बायोतल्या मजकुराच्या शेवटी नल असतोच असे नाही. त्याला थेट प्रिंटएफ मध्ये टाकून ‘चालले की!’ म्हणणारी उदाहरणे पुष्कळ फिरतात. पुढच्या बाइटात योगायोगाने शून्य होते, एवढाच त्याचा अर्थ.

याच कामासाठी ईव्हीपी_एन्कोडइनिट, एन्कोडअपडेट आणि एन्कोडफायनल अशी तिकडीही आहे. तिच्यातही ६४ अक्षरांच्या ओळी पडतात, आणि न्यू-लाइन बंद करायचा सरळ मार्ग नाही. जुन्या उदाहरणांत तिचे कॉन्टेक्स्ट स्ट्रक्चर थेट स्टॅकवर घेतलेले असते. २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून ते चालत नाही, आकार माहीत नाही म्हणून कंपाइलर थांबतो. ईव्हीपी_एन्कोड_सीटीएक्स_न्यू ने ते मागून घ्यायचे (सुरुवातीच्या नियमाला हा अपवाद: यात शेवटचा ‘न्यू’ स्मॉल, बाकी सगळे कॅपिटल). बायोची साखळी जमत असेल तर या वाटेला जाण्यात नवशिक्याचा काही फायदा नाही.

परत बायनरी करताना

खरे अपघात इथे होतात. ईव्हीपी_डीकोडब्लॉक दर चार अक्षरांमागे नेमके तीन बाइट लिहिते, बरोबर चिन्हे असली तरी. चिन्हांच्या जागी ते शून्य बिट भरते आणि परत दिलेल्या संख्येत तेही मोजते. म्हणून ३२ बाइटांचा हॅश ४४ अक्षरांतून परत उघडला की ३३ मिळतात, आणि तुलना करताना ‘हॅश जुळत नाही’ असा निष्कर्ष निघतो. १६ बाइटांच्या कीचा प्रकार आणखी वाईट: २४ अक्षरांतून १८ बाइट लिहिले जातात. तुम्ही १६ चा ॲरे दिला असेल तर दोन बाइट त्याच्या बाहेर गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मजकुराच्या दोन्ही टोकांच्या स्पेस आणि न्यू-लाइन काढून लांबी घ्या. ती चारच्या पटीत नसेल तर तिथेच नकार द्या. मग लांबी भागिले ४ गुणिले ३ एवढा बफर घ्या आणि फंक्शन बोलवा. उत्तर ऋण आले तर मजकूर चुकीचा. नाही तर शेवटच्या दोन जागांतली बरोबर चिन्हे मोजा आणि तितकी संख्या उत्तरातून वजा करा, ती खरी लांबी. बरोबर चिन्ह मजकुराच्या मध्ये कुठे नाही ना हेही स्वतःच तपासा, फंक्शनवर सोडू नका. आणि परत आलेला डेटा बायनरी आहे, त्याच्या शेवटी नल नाही, तेव्हा ती लांबी बरोबर बाळगा.

मध्ये न्यू-लाइन असलेला, ओळी पाडलेला मजकूर या फंक्शनला चालत नाही, उणे १ येते. त्यासाठी बायोची साखळी वापरा: बायो_न्यू_मेम_बफ ने मजकुरावर वाचण्यापुरता बायो उभा करा, फिल्टर त्याच्यापुढे जोडा आणि फिल्टरमधून बायो_रीड ने शून्य किंवा ऋण उत्तर येईपर्यंत वाचत राहा. इथे बरोबर चिन्हांचा हिशेब फिल्टरच करतो, खरी लांबी मिळते. फक्त फ्लॅग मजकुराच्या रूपाशी जुळला पाहिजे: एका ओळीतला मजकूर असेल तर ‘नो न्यू-लाइन’ लावा, ओळींचा असेल तर लावू नका. काहीही चूक न दाखवता शून्य बाइट मिळत असतील तर जवळजवळ नेहमी हाच फ्लॅग उलटा असतो.

की किंवा पासवर्डसारखी गोष्ट हाताळली असेल तर बफर सोडण्याआधी ओपनएसएसएल_क्लीन्झ ने पुसा. मेमसेट केले तरी, त्यानंतर बफर वापरला जात नाही हे पाहून कंपाइलर ती ओळ काढून टाकू शकतो. बेस६४ झालेला मजकूर हीसुद्धा त्या कीची नक्कलच आहे, तोही पुसा.

उत्तर बरोबर आहे का ते पाहणे

आरएफसी ४६४८ मध्ये चाचणीसाठी नमुने दिलेले आहेत. रिकामा नमुना सोडला तर त्यातला सगळ्यात लहान म्हणजे स्मॉल एफ हे एकच अक्षर: त्याचे कॅपिटल झेड, स्मॉल जी आणि दोन बरोबर चिन्हे होतात. एक, दोन, तीन आणि शून्य अशा चार लांब्यांची चाचणी पुरेशी बोलकी असते. शून्य लांबीला रिकामा मजकूर आला पाहिजे, क्रॅश नव्हे.

टर्मिनलवर ओपनएसएसएलच्या बेस६४ कमांडला कॅपिटल ए चा पर्याय दिला की एका ओळीत उत्तर मिळते. त्याच्याशी तुलना करा, पण इनपुट एको ने देऊ नका, प्रिंटएफ ने द्या. एको शेवटी न्यू-लाइन जोडतो आणि मग दोन उत्तरे जुळत नाहीत. ही चूक मजकुराच्या शेपटीवरून ओळखता येते. न्यू-लाइनचा बाइट एकटा उरला तर शेवट कॅपिटल सी, स्मॉल जी आणि दोन बरोबर चिन्हे असा होतो. दोनांत दुसरा असेल तर स्मॉल ओ आणि एक चिन्ह. तिघांत तिसरा असेल तर नुसता कॅपिटल के.

यूआरएलमध्ये घालायचे असेल तर

अधिक चिन्ह आणि तिरकी रेघ यूआरएलमध्ये अडचण करतात. वेब फॉर्मच्या डेटात अधिक चिन्ह स्पेस म्हणून वाचले जाते, तिरक्या रेघेने पत्त्यातला पाथ तिथे तुटतो. यासाठी आरएफसी ४६४८ मध्येच दुसरा तक्ता आहे: ६२ साठी वजा चिन्ह, ६३ साठी अंडरस्कोर. जेडब्ल्यूटी टोकनमध्ये (वेबवर लॉगिनची ओळख नेणाऱ्या मजकुरात) हाच असतो, आणि शेवटची बरोबर चिन्हेही गाळलेली असतात.

ईव्हीपी_एन्कोडब्लॉक ने साधा मजकूर करून घ्या, मग एका लूपमध्ये ही दोन अक्षरे बदला आणि शेवटची बरोबर चिन्हे कापून तिथे नल ठेवा. उलट येताना अक्षरे परत बदला आणि लांबीला चारने भागून बाकी पाहा. बाकी २ असेल तर दोन बरोबर चिन्हे जोडा, ३ असेल तर एक, शून्य असेल तर काही नको. बाकी १ येऊच शकत नाही, आली तर मजकूर वाटेत तुटला आहे. चिन्हे जोडायला बफरमध्ये जागा आहे का ते आधी पाहा. ज्या बफरमध्ये टोकन आले त्यातच जोडण्याचा मोह होतो, आणि तो बफर नेमका टोकनाएवढाच घेतलेला असतो.

प्रकल्पात लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आधीपासून असेल तर हे बदलाबदलीचे काम करायची गरज नाही. तिच्या सोडियम_बिन२बेस६४ फंक्शनला यूआरएलचा आणि चिन्हे गाळण्याचा प्रकार थेट सांगता येतो. किती जागा लागेल ते सांगणारे वेगळे फंक्शनही तिच्यात आहे, आणि त्याच्या उत्तरात नलचा बाइट आधीच धरलेला असतो.